खाऱ्या विहिरीचं विरजण

सासरी मिळालेला पहिला चहा शकुनला अजून आठवतो. पन्नास वर्षं होत आली त्याला. ती चांदूर रेल्वेकडची. माहेरच्या परसातली विहीर गोड्या पाण्याची. आणि दर्यापूर तालुक्यातल्या या धामणखेडला बैलगाडीतून उतरून पहिला घोट घेतला तो खारट! तिला वाटलं, घाईगर्दीत कुणाचा तरी हात साखरेऐवजी मिठाच्या डब्यात गेला. नव्या नवरीनं बोलायचं कसं, म्हणून तिनं डोळे मिटून कप रिकामा केला. नणंद कौतुकानं म्हणाली, "आवडला वाटते वहिनीले," आणि आणखी अर्धा कप ओतला.

हा खारपाणपट्टा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते, तिच्या दोन्ही अंगांना जमीन काळीभोर, कापसा-तुरीला नंबर एक. पण जमिनीखालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते वावरात सोडलं तर चार-पाच वर्षांत माती दगडासारखी होते. शकुननं तरुणपणी दीड कोसावरून डोक्यावर गोडं पाणी आणलं. आता नळयोजना आली आहे, आठ दिवसांतून एकदा नळ येतो. तरी गोड्या पाण्याचा मान काही कमी झालेला नाही. पाहुण्याला पाणी देताना घरची बाई हळूच सांगते, "नळाचं हाये, प्या बिनधास्त."

अशा गावात तिचे सासरे शालिकराम यांनी विहीर खोदली होती. शकुन लग्न होऊन यायच्या सहा वर्षं आधी. पाणी लागलं तेव्हा सगळा गाव काठावर जमला, नारळ फुटला, आणि पहिला तांब्या शालिकरामांनी स्वतः तोंडाला लावला. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यांनी तो संपवला, म्हणाले, "पानी लागलं," आणि घरी निघून आले. मग दुसऱ्या कुणीतरी चाखून पाहिलं आणि सगळ्यांना कळलं. पुढं मरेपर्यंत ते संध्याकाळी त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसत. पाणी कधी काढत नसत, नुसते बसत. त्यांचा मुलगा चंद्रभान, म्हणजे शकुनचा नवरा, शाळेत असताना पोरं त्याला 'खाऱ्या विहिरीचा' म्हणून चिडवत. त्याच्या मनातून ते कधी गेलं नाही. विहीर बुजवायची, हे तो गेली चाळीस वर्षं म्हणत होता; दरवर्षी काहीतरी आडवं येऊन राहून जाई, एवढंच.

मग घरात रागिणी आली. मुलाची, कुंदनची बायको. अमरावतीच्या राजापेठेत वाढलेली, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी ती फिरत फिरत विहिरीवर गेली, बादलीनं पाणी काढलं, त्यात कागदाची एक पट्टी बुडवली आणि जवळजवळ पळतच घरी आली.

"आई, किती छान पाणी आहे हे!"

शकुन भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. पन्नास वर्षांत त्या पाण्याला कुणी छान म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"चाखून पायलं का तू?" तिनं विचारलं.

"चाखायचं नाही, आई. पिकवायचं त्याच्यात."

रागिणीनं मग समजावून सांगितलं. स्पिरुलिना नावाचा एक जीव असतो. दिसायला हिरवं शेवाळ, पण खरं तर तो एक प्रकारचा जिवाणू. त्याला गोडं पाणी आवडत नाही. खारं, सोड्याचं पाणी आणि भरपूर ऊन मिळालं की तो वाढतो. इतर लोक साध्या पाण्यात पोत्यांनी सोडा घालून त्याला वाढवतात. इथं निम्मं काम जमिनीनंच करून ठेवलेलं. आणि त्या हिरव्याच्या पोटात निळा रंग लपलेला असतो, खायचा रंग, आइस्क्रीममध्ये, गोळ्यांमध्ये घालता येईल असा. रंग काढून उरलेला चोथा गोबरगॅसमध्ये घातला की त्याचा गॅस होतो. तिचे कॉलेजातले सर तर असल्याच शेवाळापासून मोटारीचं तेल काढायच्या मागं दहा वर्षं लागले होते. "आपण तेलाच्या मागं नाही लागायचं," ती हसून म्हणाली, "आपली चूल पेटली तरी पुष्कळ."

चंद्रभाननं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक टाकून म्हणाला, "लोकं टाक्याचं शेवाळ घासून काढतात, अन् आमची सून थे पेरून राहिली."

"पेरू द्या नं तिले," शकुन म्हणाली. "तुमी पेरलेलं दरसाल कोनतं उगवते?"

अखेर तो तयार झाला, पण अट घालून. विहिरीजवळची रिकामी जागा द्यायची ती येत्या मृगापर्यंत. तोवर रंगाला गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाहीतर जेसीबी बोलवून टाकी मोडायची आणि विहीरही बुजवायची. रागिणीला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलंच होतं. मग ती आणि कुंदन पुण्याला जाणार, हे कुणी न बोलताही घरात ठरल्यासारखं झालं. शकुनला विहिरीपेक्षा याचा घोर होता. कुंदन उशिरा झालेला, एकुलता एक. आणि रागिणी... शकुन कुणाजवळ बोलली नव्हती, पण सकाळी त्या मुलीच्या हातचा चहा घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

दिवाळीच्या आधी दोन उथळ टाकी तयार झाली. विटांची कड, आत जाड प्लास्टिक, वर हिरवी जाळी. रागिणीनं अमरावतीहून काचेच्या बरणीत हिरवं बियाणं आणलं, वाढवत वाढवत टाक्यांत सोडलं, आणि महिन्याभरात पाणी असं गर्द हिरवं झालं की बोट बुडवलं तर दिसेना.

"विरजण लागलं म्हनाव," शकुन म्हणाली.

"अगदी विरजणच, आई. फक्त हे कुणाला द्यायचं नाही हं. कुणाची वाटी यात बुडली आणि दुसरीकडचा घाण जंतू मिसळला की सगळं गेलं."

शकुन हो म्हणाली. पण दोन दिवसांनी शेजारची पार्वताबाई दह्याचं विरजण मागायला सकाळी वाटी घेऊन आली, तेव्हा शकुनला राहवलं नाही. तिच्या आईनं, सासूनं शिकवलेलं होतं, विरजण एका घरात ठेवू नये. आपलं नासलं तर आणायला दुसरं घर हवं. तिनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाक्यातलं हिरवं पाणी भरलं आणि पदराआड करून पार्वताबाईला दिलं.

"काय वं हे? चटणी?"

"चटणी नाई. आमच्या सूनबाईचं विरजण हाये. राखून ठेव. अन् बोलू नको कोनापाशी."

पार्वताबाईनं बरणी नाकाशी नेली. "वास तं बेडकाचा येते," ती म्हणाली, पण घेऊन गेली. मग शकुन ते विसरून गेली.

चैत्र तापायला लागला तसं रागिणीच्या कामाला बळ आलं. राजापेठेतले उत्तमराव, कुल्फी आणि आइस्क्रीमचा मोठा कारखाना असलेले, तिच्या वडिलांच्या ओळखीचे. शाळांच्या समारंभांना माल पुरवताना आयाबाया त्यांना विचारू लागल्या होत्या, हा निळा रंग कशाचा आहे हो? त्यांनी रागिणीला सांगितलं, "बेटा, पंधरा मेपर्यंत पाव किलो रंग आणून दे. दोन आठवडे फ्रीजरात ठेवून पाहतो. उतरला नाही, तर माझं सगळं निळं तुझ्याकडून."

अक्षय तृतीयेला रागिणी आणि कुंदन दोन दिवस अमरावतीला गेले. जाताना मोटारसायकलवर बसल्या बसल्या रागिणी म्हणाली, "आई, उन्हानं टाक्याचं पाणी उतरतं. चार बोटं कमी दिसलं की भरून घ्याल? आणि आत कपाटात बियाण्याची बरणी राखून ठेवलीय, तिच्यात पण कपभर."

"जाय तू बिनघोर," शकुन म्हणाली.

आता अक्षय तृतीयेचा दिवस खारपाणपट्ट्यात काय असतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची, आणि ती गोड्या पाण्यानं. शकुन दरवर्षी सासऱ्यांच्या नावानं घागर भरताना मनात म्हणायची, मामाजी, जन्मभर खारं प्यालात, आज गोडं घ्या. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक जिवाला गोड्या पाण्याचा वाटा असतो. तुळशीला, गाईला, दारात आलेल्या भिकाऱ्याला, अंगणात चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळालाही. योगायोगानं त्याच सकाळी नळ आला होता, आणि चांगला जोरात. सगळ्यांना वाटा देऊन झाला, आणि शकुनला टाकी आठवली. पाणी चांगलं चार बोटं उतरलेलं. इतके महिने बिचारं खारं पिऊन राहतंय, सणाच्या दिवशी तरी का खारं द्यायचं? तिनं नळाला पाइप लावला आणि एका टाक्यात अर्धा तास, दुसऱ्यात अर्धा तास पाणी सोडलं. कपाटातल्या बरणीतही कपभर घातलं. हात जोडून म्हणाली, "पी रे बाप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरवं फिकं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पिवळट साय धरली आणि कुजल्यासारखा वास सुटला. कपाटातल्या बरणीचाही तोच रंग.

रागिणी आली ती तशीच टाक्याशी गेली. गुडघ्यावर बसली, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं. कुंदन आणि चंद्रभान मागं उभे होते.

"उन्हानं झालं असंन," चंद्रभान म्हणाला. कधी नव्हे ते त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

शकुनला गप्प बसता आलं असतं. ऊन होतंच तसं, पंचेचाळीसला टेकलेलं. पण रागिणीची पाठ तिला दिसत होती, आणि त्या पाठीकडं बघून गप्प राहवेना.

"उन्हानं नाई. म्या नळाचं पानी टाकलं, पोरी. दोन्ही टाक्यांत. अन् बरनीतबी."

"आई, नळाचं?"

"सन होता नं. म्हटलं, यालेबी गोडाचा घास."

रागिणीनं ओंजळीतल्या पाण्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "नळाच्या पाण्यात पावडर असते, आई. पोटात जंतू जाऊ नयेत म्हणून. परवा तर गावाची टाकी धुवून ग्रामपंचायतीनं भरपूर टाकली होती, वास येत होता." आणि ओंजळ खाली सोडत म्हणाली, "हे पण जंतूच ना."

ती रागावली असती तर शकुनला सोसलं असतं. रागिणी उठली, सासूच्या खांद्यावर ओला हात ठेवून घरात गेली, आणि फोनवर कुणाशी तरी बोलताना तिचा आवाज ऐकू आला, "नवीन बियाणं मिळेल सर, पण आपलं या विहिरीच्या पाण्याला सहा महिन्यांत रुळलं होतं. नव्याला दीड महिना तरी लागेल. नाही, पंधरा मे नाही जमणार."

त्या दिवशी शकुन जेवलीच नाही. उन्हं कलल्यावर ती ओट्यावर बसली होती, तर समोरून पार्वताबाई आली. हातात चार अंडी.

"घे, सुनेले खाऊ घाल. फोडून पाय, माह्या कोंबड्याइच्या अंड्यातला बलक कसा केसरी निंगून राहिला. तुह्या त्या विरजनाची करामत, कोंबड्या थेच पेतात."

शकुन तिच्याकडं पाहतच राहिली. "कोनतं विरजन?"

"घे माय! बेडकाच्या वासाचं. तूच तं देल्लं होतं दिवाळी झाल्यावर."

"जित्तं हाये थे?"

"जित्तं म्हंजे? बैलाइचा सिमेंटचा टाका भरला पुरा. बैल तं इकले, टाका रिकामाच होता. कमी झालं की दोन बादल्या टाकतो हापशीच्या, अन् रोज बाजेचा मोडका पाय घेऊन ढवळतो."

"हापशीचं खारंच टाकतं ना?"

"मंग का नळाचं टाकू?" पार्वताबाई उसळून म्हणाली. "गोडं पानी शेवाळाले घालाले मी येडी हावो का?"

शकुनला हसावं की रडावं कळेना. ती अनवाणीच उठली आणि आत जाऊन रागिणीचा हात धरला. "चाल माह्यासंगं. रागावशीन तं मंग रागव."

पार्वताबाईच्या गोठ्यात, जुन्या बाभळीच्या सावलीत, बैलांना पाणी पाजायचा टाका काठोकाठ गर्द हिरवा होता. रागिणीनं घरून सूक्ष्मदर्शक मागवला. कुंदन तो छातीशी धरून घेऊन आला. उपड्या टोपलीवर तो मांडून ती कितीतरी वेळ भिंगात बघत राहिली. मग बाजूला होऊन म्हणाली, "आई, तुम्ही बघा."

शकुननं एक डोळा मिटून पाहिलं. स्प्रिंगसारखी वळणं घेतलेले हिरवे धागे, शेकड्यांनी, संथ हलत होते.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, कुणाला द्यायचं नाही," रागिणी म्हणाली.

"हो. सांगतलं होतं."

"बरं झालं ऐकलं नाहीत." आणि तिथंच, शेणाच्या वासात, ती सासूच्या गळ्यात पडून रडली. पार्वताबाई म्हणाली, "अवं माय, आधी घेऊन जा जे न्यायचं थे. माहा टाका रिकामा करा, मग रडा."

टाकी घासून धुतली गेली, विहिरीच्या पाण्यानं. आणि धामणखेडनं कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. चंद्रभान, जो चाळीस वर्षांत त्या विहिरीच्या काठाला शिवला नव्हता, मोटार बसवायला आत उतरला. पार्वताबाईच्या गोठ्यातून हिरव्या घागरी निघाल्या. वाटेत भेटलेल्या दोघीचौघींनीही हात लावला. शकुन त्या रांगेत मधली घागर घेऊन चालत होती. तरुणपणी दीड कोसावरून आणलेल्या घागरी तिला आठवत होत्या. तेव्हा एक थेंब सांडला तरी जीव हळहळायचा, आजही तसाच हळहळत होता.

दहा-बारा दिवसांत पहिली गाळणी झाली. मलमलीच्या फडक्यावर जमलेला हिरवा लगदा सावलीत वाळवला, कारण उष्णता लागली की निळं मरतं. मग तो थंड पाण्यात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी रागिणीनं ते पाणी गाळलं आणि काचेच्या ग्लासात घेऊन अंगणात आली. सगळे जमले होते. ग्लासातून पलीकडं पाहिलं तर लख्ख निळं, मोराच्या मानेसारखं. आणि उन्हाकडं पाठ करून त्याच ग्लासाकडं पाहिलं, तर कडेला तांबूस झाक मारत होती.

"हे काय आता?" चंद्रभान दचकला. "खराब झालं का?"

"नाही बाबा. चांगल्या निळ्याची खूणच ती."

त्यानं ग्लास हातात घेतला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पाहिला, आणि बराच वेळ परत दिला नाही.

चोथा शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत गेला. गायी कमी झाल्यापासून ते यंत्र निम्म्या ताकदीवर होतं. त्या आठवड्यात शेगडी सकाळ-संध्याकाळ पेटली, आणि शकुननं पार्वताबाईसाठी पहिल्यांदा त्यावर चहा ठेवला. आधी चाखून पाहिला, साखर बरोबर आहे ना म्हणून. ती सवय पन्नास वर्षांची, आता सुटायची नाही.

निळं पाणी न तापवता सुकवून त्याची भुकटी झाली, आणि चौदा मेला पाव किलो रंग राजापेठेत पोचला. मग वाट पाहणं. अठ्ठावीस तारखेला उत्तमरावांचा फोन आला. रागिणीनं तो ऐकला, एवढंच म्हणाली, "हो काका, पुरवू," आणि फोन ठेवून सासूकडं पाहून मान डोलावली. मृगाला अजून दहा दिवस होते.

त्या संध्याकाळी चंद्रभान दिसेना म्हणून शकुन शोधायला निघाली. तो विहिरीच्या काठावर बसला होता, त्याचा बाप बसायचा त्याच जागी. काठाची पडलेली एक वीट त्यानं परत बसवली होती.

"इथंच बसे थो," चंद्रभान म्हणाला. "म्या कधी येऊन इचारलं नाई, काहून बसता म्हनून."

शकुननं तिथला तांब्या मोटारीच्या पाइपातून भरला, सासऱ्यांच्या नावानं थोडं काठावर सोडलं, आणि उरलेला नवऱ्यापुढं धरला. त्यानं मोठा घोट घेतला आणि लगेच थुंकला.

"थू! खारटच हाये की वं!"

"मंग? गोड झालं असंन वाटलं का तुमाले?"

तो हसला. शकुनही हसली. तांब्यात राहिलेलं पाणी तिनं ओतलं नाही. वाटेत टाकी होती, घरी जाताना तिथं घातलं.